टेबलाखालचा फासा

चहाच्या दुकानात माझा फासा टेबलावरून घरंगळला. तो घ्यायला मी खाली वाकले, तर तिथं आधीच एक माणूस गुडघे टेकून बसलेला.

"काय शोधताय?"

"स्क्रू. चष्म्याचा. गिऱ्हाइकाला आजच द्यायचाय."

"ढिला असेल."

त्यानं वर पाहिलं. हसावं की नको, असं क्षणभर चाललं, मग हसला. "तुमचा फासा इकडे आलाय. एक पडलाय."

"गेलं सगळं." मी कपाळाला हात लावला.

"खाली पडलेला मोजत नाहीत. परत टाका."

"मोजतात. माझा खेळ, माझे नियम."

खरंच माझाच होता तो; विकायला काढायचा म्हणून मीच रचत होते. दोघांनी समोरासमोर बसायचं. आपल्या पाळीला फासा हवा तितक्या वेळा टाकायचा, गुण साठवत जायचं आणि वाटेल तेव्हा 'पुरे' म्हणून ते पदरात पाडून घ्यायचे. पण मधेच एक पडला, तर त्या पाळीतलं सगळं पाण्यात. आधी पन्नास करील तो जिंकला. आमचा खोक्यांचा कारखाना, त्यामुळे खेळाला डबी घरचीच मिळणार होती. अडचण एवढीच, की खेळात मजा येत नव्हती, आणि का येत नव्हती ते मला कळत नव्हतं.

ते त्यानं दाखवून दिलं. समोर बसला आणि लागोपाठ डाव जिंकत गेला. आठ-नऊ गुण झाले की 'पुरे'. पुन्हा आठ, पुन्हा 'पुरे'. मी मात्र तीस-तीस जमवून एका फटक्यात घालवत होते.

"असं खेळतात का कुणी? जीव मुठीत धरून?"

"जिंकलो ना पण?"

मी त्याचं नाव पुरेराव ठेवून टाकलं. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा तो. दुकान सुटलं की चहाला यायचा, आणि मी रोज नवा नियम घेऊन त्याची वाट बघत बसलेली असायचे. दोन फासे करून पाहिले, साठ गुण करून पाहिले. पठ्ठ्या काही हलेना. शेवटी मी ठरवलं, पंधराच्या आत 'पुरे' म्हणायचंच नाही. मग मात्र खेळाला धार आली. चौदावर आला की तो फासा नुसता घोळवत बसायचा.

"हा नियम माझ्यासाठी केलास?"

"तुझ्यासाठी नाही. तुझ्यामुळे."

त्या दिवशी बाहेर भुरभुर होती आणि येता येता माझा चष्मा भिजला होता. त्यानं तो अलगद माझ्या नाकावरून काढला, खिशातल्या मऊ फडक्यानं पुसला आणि परत चढवला. त्याची बोटं माझ्या कानामागे जराशी रेंगाळली.

"एक सांगायचं होतं..."

मी हातातला फासा खाली ठेवला.

"काही नाही. निघतो."

म्हणजे इथंही पुरेच. मला त्याचा इतका राग आला, की तेव्हाच उमगलं — आपण याच्या प्रेमात पडलोय.

घरी गेले, तर बाबांनी छापखानेवाल्यांच्या मुलाचं स्थळ आणलेलं.

"आपले खोके, त्यांची छपाई. दुधात साखर."

"दूध तुमचं, साखर त्यांची, लग्न मात्र माझं. नाही म्हणून कळवा. मला चष्म्याच्या दुकानातला तो आवडतो."

"त्यानं विचारलंय तुला?"

"नाही."

"मग?"

"त्यानं नाही विचारलं तरी छापखान्याला नाहीच. आणि फारच उशीर केला, तर मी विचारीन. तोंड आहे मला."

बाबा बराच वेळ एकाच खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले. मग म्हणाले, "रविवारी बोलाव त्याला. तुझ्या त्या खेळात मला हरवू दे. मग छापखान्याला सांगतो नाही म्हणून."

"मी पणाला लावायची वस्तू नाही, बाबा. खेळायचं तर खेळा. माझा निर्णय झालाय."

"बघू," बाबा म्हणाले. म्हणजे ऐकलंच नाही.

पुरेरावाला मी बाबांची अट सांगितली, मी पणाला नाही हे माझं उत्तरही सांगितलं. माझ्या मनातलं मात्र सांगितलं नाही. बोलायची पाळी त्याची होती.

रविवारी कारखान्यात खोक्यांच्या थप्प्या सरकवून दोघं बसले. गुण मी लिहीत होते. बाबांचे सेहेचाळीस झाले, याचे चौतीस. मग याची पाळी आली. सहा. पाच. पुन्हा सहा. मी मनातल्या मनात बेरीज केली — एक्कावन्न. आता नुसतं 'पुरे' म्हणायचं होतं, आणि ते तर तो झोपेतही म्हणाला असता.

त्यानं फासा पुन्हा उचलला. चार.

"अरे, जिंकलास की," बाबा म्हणाले. "पुरे म्हण."

त्यानं परत टाकला. तीन. परत. पाच. कपाळावर घाम आला होता, पण हात थांबत नव्हता. पुढच्या वेळी फासा कडेवर आपटून खाली गेला, आणि आम्ही तिघंही टेबलाखाली वाकलो.

एक.

बाबा हळूच म्हणाले, "खाली पडलेला मोजत नाहीत. टाक परत."

"मोजतात. तिचा खेळ, तिचे नियम."

"अरे, हातातोंडाशी आलेला घास घालवलास. कशासाठी?"

"मला तिला जिंकून न्यायचं नाही, काका. ती पणाला नव्हतीच कधी." मग तिथंच, टेबलाखाली, तो माझ्याकडे वळला. "तू मला आवडतेस. स्क्रू शोधत होतो, त्या दिवसापासून. लग्न करशील माझ्याशी? नाही म्हणालीस तरी चालेल... छे, नाही चालणार. पण विचारतोय."

"हो," मी म्हणाले. "आणि यापुढे माझ्याशी बोलताना मधेच थांबलास, तर बघ."

बाबा गुडघे धरून उठले. पँटची धूळ झटकली.

"छापखान्याला मी फोन करतो," ते म्हणाले. "पण नंतर. आधी तो फासा दे इकडे. पाळी माझी आहे."