आवाज न झालेलं झाकण

पातेल्याचं जड झाकण ओट्यावरून घसरलं आणि तिनं, क्षणाचाही विचार न करता, आपलं अनवाणी पाऊल पुढे केलं! झाकण थेट बोटांवर आदळलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, जीव कळवळला... पण आवाज मात्र झाला नाही. तिनं ओठ दाबून ते उचललं आणि फडक्यावर अलगद ठेवलं.

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. वीस वर्षं सैन्यात काढून, चाळिशी उलटल्यावर पोरासोरांच्या बाकावर बसून तो मानसशास्त्र शिकला होता. विद्यापीठात सगळे त्याला 'फौजी सर' म्हणत. आज त्याच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, आणि विभागातली कायमची नोकरी त्यावरच अडली होती.

दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक करून ती आत गेली.

"अगं, माझा टाय कुठाय?"

"तुमच्या गळ्यात!"

तो हसलासुद्धा नाही. ती लंगडतेय हेही त्याला दिसलं नाही.

स्वतःच्याच घरात टकटक करून वावरायची तिला अकरा वर्षांची सवय होती. लढाईवरून परतल्यावर तो जराशा आवाजानं दचके, घामानं निथळे. एकदा तर तिचं शिलाई मशीन खडखडलं आणि तो चक्क टेबलाखाली शिरला! त्याच आठवड्यात तिनं दाराची बेल काढली, खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे तुकडे चिकटवले आणि मशीन बहिणीकडे पोचतं केलं. गिऱ्हाइकं हळहळली. "शिवणाचा कंटाळा आला," असं तिनं त्याला हसत सांगितलं, आणि त्या भल्या माणसानं ते खरं मानलं! माणसांची मनं वाचायला निघालेला हा गृहस्थ... आपल्या बायकोचं एवढं साधं खोटं त्याला कधी कळलं नाही, हे शल्य तिनं आजवर मुकाट गिळलं होतं.

परीक्षेच्या सभागृहात ती मागच्या रांगेत बसली. पाय ठणकत होता. तिनं त्याला रुमाल बांधून तो रांगेबाहेर लांब केला होता.

तो हिरीरीनं सांगत होता, "एकतीस माजी सैनिकांनी रोज किती वेळा दचकलो ते लिहून ठेवलं. त्यातला पहिला मीच. घरी परतल्याच्या दुसऱ्या वर्षापासून दचकणं आपोआप कमी होत गेलं."

"आपोआप?" बाहेरून आलेल्या वयस्कर परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "आणि घरातली माणसं त्या काळात काय करत होती?"

"ते... विचारलं नाही, मॅडम."

 मागे बसलेल्या तिला उत्तर ठाऊक होतं! ते ओठांवर आलं तर त्याचे आठ वर्षांचे कष्ट मातीत जातील... तिनं पदर तोंडाशी धरला.

त्याची अस्वस्थ नजर भिरभिरत मागच्या रांगेवर आली आणि रुमालावर थबकली.

"पायाला काय झालं गं?"

"काही नाही हो. सकाळी झाकण पडलं."

"मी घरातच होतो. आवाज कसा आला नाही?"

तिनं पाय मागे ओढला. खोटं बोलणं आज जमेना.

"पायावर घेतलं," ती पुटपुटली.

त्याला एकेक आठवू लागलं. टकटक, बेल, लोकर... आणि मशीन! त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, माझं मुख्य प्रकरणच चुकलंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आम्ही कमी दचकत नव्हतो... आम्हाला दचकू दिलं जात नव्हतं. एकतीस घरांत पुन्हा जावं लागेल. मला वर्षभर द्या."

"अहो, नको! तुमची नोकरी..." ती भरसभेत ओरडली.

"तुझं अख्खं शिवणकाम गेलं, तेव्हा कोण ओरडलं होतं?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. परीक्षक बाईंनी कागद मिटले आणि वर्षभराची मुदत लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी दारावर दोनदा टकटक झाली. तिनं दार उघडलं, तर बहिणीकडून आणलेलं मशीन कवेत घेऊन तोच उभा होता! बाहेर ठेवलेला पायट्याचा लोखंडी सांगाडाही त्यानं आत आणला, मशीन त्यावर बसवून खिडकीशी मांडलं, तेल घातलं आणि समोर खुर्ची ओढून बसला.

"चालव."

"अहो, तुम्हाला सोसायचं नाही..."

"नाही सोसलं तर दचकेन. चालव तू."

तिनं पायटा दाबला. मशीन खडखडलं. तो ताडकन उठला, कपाळावर घाम डवरला... तिनं घाईनं पाय उचलला.

"थांबू नकोस!" खुर्चीची पाठ घट्ट धरून, डबडबल्या डोळ्यांनी तो म्हणाला. "अकरा वर्षं थांबलीस. आता नको."

तिनं डोळे पुसले आणि दुखरा पाय पुन्हा पायट्यावर ठेवला.