चौथा स्क्रू

कुडाळचा आठवड्याचा बाजार होता आणि हार्डवेअरच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. संचिताने पर्समधून दाराची मूठ काढून काउंटरवर ठेवली. गोल, काळपट पडलेली मूठ, आणि तिच्या मागे अर्ध्यात तुटलेला एक गंजका स्क्रू.

"हिला जोड मिळेल का?"

"ही आता येत नाही," दुकानदार म्हणाला. "अख्खं कुलूपच बदला."

शेजारी एक तरुण पितळेचे स्क्रू एकेक करून निवडत होता. त्याने मान वर केली नाही. नुसती ती मूठ उचलली, उलटी केली.

"मूठ बरी आसा. स्क्रू खाल्ले वाऱ्यान. घर दर्यार आसा?"

"देवबागला."

"म्हणानच. थंय लोखंडी स्क्रू घालूचेच नसतत, पितळेचेच होये." मग जरा थांबून त्याने विचारलं, "ह्या दार उघडता कोण?"

असला प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. "म्हणजे?"

"हात कोणाचो लागता दाराक?"

संचिता एका अनोळखी माणसाला हे का सांगते आहे, ते तिचं तिलाच कळलं नाही. "बाबांचो. तेंचो उजवो हात चलना नाय. काल मूठ तेंच्या हातात इली आणि ते दोन तास आत अडकान रवले. मी मालवणात, औषधाच्या दुकानात कामाक होतंय... हाका मारून मारून तेंचो आवाज बसलो."

काल ती रडली नव्हती. आज रंगाच्या डब्यांच्या आणि दोऱ्यांच्या गुंडाळ्यांच्या मधोमध उभी असताना तिचे डोळे भरून आले. त्याने ते पाहिलं, आणि लगेच नजर स्क्रूंकडे वळवली.

"मगे गोल मूठ नको," तो हळूच म्हणाला. "लांब दांडीचा हँडल होया. कोपरान दाबला तरी उघडतला."

"बसवूक ह्योच बरो," दुकानदार आता मालवणीवर आला. "धनेश मेस्त्री, पिंगुळीचो. बोलणा कमी, काम साफ."

"चलात," डोळे पुसत संचिता म्हणाली. "बोलाचा काम मी करतलंय."

धनेशच्या हातातले दोन स्क्रू खाली पडले.

* * *

रविवारी तो मोटारसायकलवरून आला. संचिताचे वडील हरिश्चंद्र पडवीत खुर्चीवर बसले होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी जहाजांच्या इंजिनखोलीत फिटर म्हणून काढली होती. दुसऱ्याच्या हातातलं हत्यार दिसलं की त्यांची नजर आपोआप तिकडे जायची. धनेशने आधी त्यांना पडवीतून आत जायच्या दारापाशी उभं केलं. डावं कोपर कुठे येतं ते पाहून तिथे पेन्सिलीने खूण केली. नेहमीपेक्षा चार बोटं खाली.

हँडल बसलं. पितळेचं, लांब दांडीचं, चार स्क्रूंवर. मग त्याने आपला उजवा हात खिशात घातला, डोळे मिटले आणि डाव्या कोपराने दार उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. संचिता कोकमाच्या सरबताचा पेला घेऊन मागे उभी होती.

"आणखी एक फेरी मारा, मेस्त्रीनू. दार दमला नाय अजून."

त्याने डोळे उघडले. कान लालबुंद झाले होते. सरबत एका दमात संपवलं आणि रिकामा पेला बराच वेळ हातात धरून राहिला.

मग हरिश्चंद्र उठले. काठी बाजूला ठेवून त्यांनी एकट्याने दार उघडलं, आत गेले, बाहेर आले. चार स्क्रूंवरून अंगठा फिरवला. धनेशकडे पाहिलं. काहीतरी बोलतील असं वाटलं, पण बोलले नाहीत. पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले... त्या दिवशी दुपारभर घरात कडीचा तो 'खट्' आवाज येत राहिला, आणि संचिताला स्वयंपाकघरात उगीचच हसू येत राहिलं.

* * *

सहा महिन्यांत हँडल डुगडुगू लागलं. खालचा उजवीकडचा स्क्रू गंजला होता, आणि दाराच्या पांढऱ्या रंगावर एक तांबूस ओघळ उतरला होता. संचिताने फोन लावला.

"मेस्त्रीनू, तुमचा काम टिकणा नाय."

पलीकडे बराच वेळ नुसता रंध्याचा आवाज. मग तोही थांबला.

"वारो खारो आसा," तो म्हणाला.

"आमच्याच घराकडे?"

"...आयतवारी येतंय."

असं तीन वर्षं चाललं. पावसाआधी एकदा, पावसात एकदा, शिमग्याच्या सुमाराला एकदा. यायचा, तो एक स्क्रू बदलायचा, आणि पाव तासाच्या कामाला अर्धा दिवस लावायचा. कधी खिडकीची बिजागरी पाहायचा. एकदा बाबांच्या हाताला व्यायाम म्हणून फणसाच्या लाकडाचा गुळगुळीत चेंडू करून आणला. काढलेले गंजके स्क्रू संचिता एका रिकाम्या बामच्या डबीत ठेवायची. का ठेवते, हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही.

श्रावणातल्या एका दुपारी काम उरकलं आणि पाऊस कोसळायला लागला. समोरचा समुद्र दिसेनासा झाला. बाबा आत झोपले होते. दोघं पडवीत... मधे त्याची हत्यारांची पिशवी.

"आज काय ह्यो पाऊस थांबाचो नाय," ती म्हणाली.

"थांबाक नको."

"काय म्हटलात?"

"पटाशी खंय गेली, ती बगतंय."

"ती तुमच्या हातात आसा."

त्याने हाताकडे पाहिलं. खरंच होती. ती हसली, आणि मग तोही हसला. पहिल्यांदाच, खाली पाहून.

तिच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. त्याकडे बोट करून तो म्हणाला, "तुमी खूप वाचतास."

"तुमी नाय वाचणा?"

"दहावीत शाळा सोडलंय. मी दारां वाचतंय."

"दारां?"

"दारावरना घर कळता. खंय पोरांचे हात लागले, खंय कोणी रागान आपटला..."

"मगे आमचा काय वाचलात?"

पागोळ्या पडत होत्या. मग उठून त्याने चौकटीवर एका जागी बोट ठेवलं. तिथला रंग घासून गेला होता. "हयसर कोणतरी रोज खांदो टेकून उभा रवता. वाटेकडे बगीत."

"बाबा," ती चटकन म्हणाली.

"बाबांचो खांदो हयसर येणा नाय. ही जागा खाली आसा..."

आपला खांदा बरोबर त्या उंचीला येतो हे तिला ठाऊक होतं. त्यालाही. तिने पुस्तकाचं पान उलटलं, मग परत मागे उलटलं. तो काहीतरी बोलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. पाऊस थांबला तरी तो बोलला नाही.

* * *

यंदा माघात बाबांना अर्धांगाचा दुसरा झटका आला. गोव्यातल्या इस्पितळात पोचायला तीन तास लागले. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एवढा वेळ मिळणार नाही.

पनवेलहून तिचा मोठा भाऊ अजयदादा आला. त्याच्या घरापासून मोठं इस्पितळ दहा मिनिटांवर होतं. बाबांना आणि संचिताला कायमचं तिकडे न्यायचं, घर बंद करायचं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर असलेल्या गोष्टीवर रडताही येत नाही. संचिताने मुकाट्याने बांधाबांध सुरू केली.

निघायच्या आदल्या दिवशी अजयदादाने धनेशला बोलावलं. खिडक्यांना बाहेरून फळ्या मारायच्या होत्या आणि घराची एक किल्ली त्याच्याकडे ठेवायची होती. महिन्यातून एकदा येऊन तो घर उघडून वारा देणार होता. दिवसभर तो फळ्या ठोकत राहिला. एकेक खोली अंधारत गेली. शेवटी तो पडवीतल्या त्या दारापाशी बसला. हँडलचे चारही स्क्रू काढले, आणि कागदाच्या पुडीतून नवे चार काढून ओळीने मांडले.

संचिता जवळ येऊन उभी राहिली. चारही सारखेच पिवळे, सारखेच चमकत होते.

"आज चारय पितळेचे?"

"होय."

"आणि आधी?"

त्याचा स्क्रूड्रायव्हर फिरत राहिला. "आधी तीन."

"चौथो?"

"लोखंडाचो."

"चुकान?"

त्याने मान हलवली. नाही. वर पाहिलं नाही. "पयल्या दिवसापासना. पण चारातलो एकच. तीन धरून रवतले, ह्या माका म्हायत होता. हँडल हलतला, पण निसटाचा नाय. बाबा परत अडकाचे नाय, येवडा बगूनच घातलंय."

तीन वर्षांचे सगळे रविवार तिच्या डोळ्यांसमोरून गेले. "आणि आज?"

"घर बंद रवतला. लोखंड गंजान बसला, तर दार अडाकता." त्याने पुढचा स्क्रू उचलला. "तुमी कधी इलात तर... दार उघडूक होया."

"ह्या सांगूक आजचोच दिवस गावलो तुमका?"

"उद्या सांगूक दार नसतला."

बाहेर अजयदादा गाडीवाल्याशी गाद्यांविषयी काहीतरी बोलत होता. संचिताने हळूच विचारलं, "पनवेलाक दारां नसतत काय?"

तो पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहत होता. "आवय माझी अंथरुणार आसा, पिंगुळीत. मी खंय जातलंय? आणि... तू बाबांका सोडून रवशीत?"

तो कधी 'तू' म्हणाला नव्हता. आपण म्हणालो हे त्याला बहुतेक कळलंही नाही.

तिने नाही अशी मान हलवली.

"तसा सोडणारी असतंस," तो म्हणाला, "तर चौथो स्क्रू मी घातलोच नसतो."

त्याने शेवटचा आटा पिळला. उजवा हात खिशात घातला, डोळे मिटले, आणि डाव्या कोपराने दार उघडलं. मिटलं. एकदाच. मग पिशवी उचलून किल्ली घेतली आणि मोटारसायकलकडे चालत गेला. डोळे मात्र त्याने बराच उशिरा उघडले असावेत. पायरी उतरताना तो ठेचकाळला.

* * *

सकाळी अजयदादा गाडीत सामान लावत होता. बाबा दारापाशी खुर्चीवर बसले होते. आता त्यांचे शब्द एकेक करून यायचे.

"पयल्याच दिवशी... बगलंय मी," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"पितळेत... लोखंडी स्क्रू. अठ्ठावीस वर्षां... जहाजार काढलंय. माका कळना नाय?"

ती त्यांच्या पायाशी बसली. "मगे बोलाक नाय कित्याक?"

"तो येवक लागलो. तू... हसाक लागलंस." त्यांनी दम घेतला. "मी कशाक बोलू?"

तिला वाटलं, आता आपल्याला रडू आवरणार नाही. पण बाबांनी डाव्या हाताने आतल्या खाटेखाली बोट दाखवलं. "माझी पेटी... काड."

जहाजावरची ती जुनी हत्यारपेटी तिने ओढून काढली. आत, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेले स्क्रू होते. बाबांनी त्यातला एक निवडून तिच्या तळहातावर ठेवला. लोखंडाचा. तेवढ्याच लांबीचा.

ती काही क्षण त्याच्याकडे पाहत राहिली. मग दारापाशी गुडघे टेकून तिने खालचा उजवीकडचा पितळेचा स्क्रू सोडवायला घेतला. धनेशने तो घट्ट पिळला होता. मनगट भरून आलं, दोनदा हात निसटला. बाबा खुर्चीतून वाकले आणि डाव्या हाताने हँडल धरून राहिले. तो सुटला. त्या जागी तिने लोखंडाचा घातला, आणि पिळला, पिळत राहिली... अगदी त्याने पिळला असता तेवढा.

"संचिता, उशीर होतोय," अजयदादाने हाक मारली.

पितळेचा स्क्रू तिने पर्समध्ये टाकला, कुडाळला जाताना जिथे ती गोल मूठ ठेवली होती त्याच कप्प्यात. बाबांना गाडीत बसवलं. परत येऊन दार ओढून घेतलं. 'खट्'.

बोटाने तिने त्या स्क्रूखालचा पांढरा रंग पुसला. दर महिन्याला तो येईल, हे दार उघडेल आणि मिटेल. एक दिवस त्याच्या हाताखाली हँडल जरासं हलेल, आणि इथे, नेमका इथे, तांबूस ओघळ उतरलेला असेल. त्या दिवशी ती इथे नसेल. कुठे असेल, तेही आज सांगता येत नव्हतं. पण त्याला दारं वाचता येत होती.

चौकटीवरच्या त्या घासलेल्या जागेला तिने एकदाच खांदा टेकवला.

पावसाला अजून दोन महिने होते. वारा मात्र खारा होता.