मालनची जागा

पैज लावा, ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही. कल्याणच्या या कट्ट्यावर आजवर मी जे जे सांगितलं त्यातलं अर्धं तुम्ही मानलंत, अर्ध्यावर हसलात, आणि खाडीत मगर पाहिली म्हटल्यावर तर या सोनलनं मला तोंडावर थापाड्या म्हटलं. म्हणू दे. शेजारची पोर आहे, नाटकवेडी आहे, एकही प्रयोग सोडत नाही, तिला तेवढा हक्क आहे. पण आज हसायचं नाही. आज कांताची गोष्ट आहे.

कांता राहायला आंबिवलीला, नोकरीला कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात, आणि जीव सगळा नाटकात. ठाणे-डोंबिवलीच्या हौशी रंगभूमीवर ती वर्षानुवर्षं होती आणि कुणाच्या लक्षात नव्हती. कधी शेजारीण, कधी नर्स, कधी नायिकेची मैत्रीण. मुख्य बाई रडायला लागली की तिच्या पाठीवर हात ठेवणारी जी कुणी असते ना, ती कांता. त्यांच्या ग्रुपात आसावरी नावाची नायिका होती. प्रयोग संपला की लोक तिच्याभोवती गोळा व्हायचे आणि कांताला म्हणायचे, "ताई, जरा बाजूला होता का? फोटो काढतोय." कांता बाजूला व्हायची. हसतहसत व्हायची. घरी आल्यावर मात्र लाटणं असं काही आपटायची, की नवरा, सुदेश, टीव्हीचा आवाज वाढवायचा.

"आज पण आसावरीच का गं?" तो विचारायचा.

"तिला रडता येत नाही रे. नुसतं नाक ओढते मेली. आणि लोक टाळ्या वाजवतात."

अशी ती आतल्या आत जळत असताना रत्नदीपनं तिच्यासाठी एकपात्री लिहिलं. रत्नदीप म्हणजे त्यांच्या ग्रुपातला लेखक-दिग्दर्शक. दाढीवाला, बोलायला मऊ, तालमीत मात्र कडक. नाटक दोन बहिणींचं. आई गेल्यावर दोघी खडवलीचं घर आवरायला येतात. थोरलीनं आईचं सगळं केलेलं, आणि आईनं शेवटी नाव घेतलं धाकटीचं. थोरली बोलते, भांडते, शेवटी रडते. धाकटी मालन कुणाला दिसत नाही, तिला एक वाक्यही नाही. थोरलीनं तिला विचारायचं, थांबायचं, उत्तर ऐकल्यासारखं करायचं आणि पुढं बोलायचं. थोरलीचं नाव रत्नदीपनं कांताच ठेवलं. म्हणाला, "ताई, तुमच्यासाठीच लिहिलंय, दुसरं नाव शोभणार नाही."

कांता त्या दिवशी लाटणं आपटायला विसरली. अख्खा रंगमंच, आणि त्यावर ती एकटी! बाजूला हो म्हणणारं कुणी नाही.

आता एकपात्रीची एक रीत आहे. समोरचं माणूस नसतं, म्हणून त्याची जागा पक्की करावी लागते. रत्नदीपनं जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली मारली. ही मालन. तिचे डोळे तुमच्या हनुवटीच्या उंचीवर. नजर तिथंच टेकवायची, इकडेतिकडे नाही. "आणि काही झालं तरी फुलीवर पाय द्यायचा नाही," तो म्हणाला. "लांबून वळसा घालून जायचं. तुम्ही तिच्या अंगावरून चालत गेलात की प्रेक्षकांच्या लेखी ती संपली."

"नसलेल्या बाईला वळसा घालू?" कांता हसली.

"असल्यासारखा घाला."

तिनं घातला. मन लावून घातला. तेच चुकलं म्हणा हवं तर.

पहिला प्रयोग डोंबिवलीला, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, रविवारी सकाळी. प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडक्यांना काळं कापड, खालच्या फरसाणवाल्याकडच्या तेलाचा वास. तिसरी घंटा झाली की पंखे बंद करायचे, नाहीतर शब्द ऐकू येत नाहीत. कांतानं विचारलं, "मालन, आईच्या साड्या तू नेणार की मी?" आणि उत्तरासाठी थांबली. त्या थांबण्यात लोक हसले.

कांता गोंधळली. हशा खरा तिच्या पुढच्या वाक्याला यायचा होता. ते वाक्य अजून तोंडात होतं. ती ते बोलली, तेव्हा कुणी हसलं नाही.

प्रयोगानंतर लोक भेटायला आले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "वा! तुमची धाकटी बहीण अगदी समोर उभी राहिली हो." कांताच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नटाला याहून मोठी पावती कोणती? मग त्यांच्या बायकोनं अबोलीचा गजरा पुढं केला.

"थँक्यू," कांता म्हणाली.

"मालनला द्या हं," बाई म्हणाल्या. "पोरीचे डोळे काय बोलके आहेत!"

पहिल्यांदा तिनं ते हसण्यावारी नेलं. पण कल्याणच्या प्रयोगाला पुन्हा तोच प्रकार. ती प्रश्न विचारायची, थांबायची, आणि त्या रिकाम्या थांबण्यात कधी हशा यायचा, कधी कुणी हळहळायचं. तिला स्वतःला काही ऐकू यायचं नाही. प्रेक्षकांच्या माना तिच्याकडून फुलीकडे आणि फुलीकडून तिच्याकडे वळायच्या. दिवसेंदिवस तिच्याकडे वळणं कमी होत गेलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "मालननं रडवलं." खाली हात जोडल्याच्या रांगा. कांतानं स्वतःचं नाव वर-खाली करून शोधलं. एकानं लिहिलं होतं, "थोरलीनंही छान साथ दिली."

साथ! तो शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला.

"अगं, पण ती नाहीच आहे," सुदेश म्हणाला. "जळतेस कुणावर?"

"तेच ना. आसावरी निदान होती तरी."

पुढच्या तालमीला तिनं पाहिलं तर फुलीच्या पट्टीच्या कडा उठल्या होत्या, मधला भाग मळून काळा पडला होता. जिथं कुणीच पाय ठेवत नव्हतं, तिथं. तिच्या स्वतःच्या पायाखालची फरशी स्वच्छ होती. वर बघते तो फुलीवर एक वेगळा दिवा लावलेला.

"प्रीतम, हा स्पॉट कशाला?" तिनं प्रकाशयोजना करणाऱ्या पोराला विचारलं.

"ताई, तिथे अंधार राहिला तर पब्लिक कंप्लेंट करते ना. मागच्या टायमाला एक काका बोलले, मालनचा चेहरा दिसला नाही."

"आणि माझा?"

प्रीतम ओशाळला. "तुमच्याबद्दल कोण काय बोललं नाय."

मग कांतानं डाव टाकला. पुढच्या प्रयोगात तिनं थांबणंच बंद केलं. प्रश्न विचारायचा आणि लगेच पुढचं वाक्य. मालनला उत्तर द्यायला फटच ठेवायची नाही. सुरुवातीला बरं चाललं. मग खुर्च्या कुरकुरायला लागल्या. लोक खोकायला लागले. आणि मागच्या रांगेतून एक बाई ओरडली, "अहो, बोलू द्या ना तिला!"

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

कांताचे कान तापले. फुलीच्या दिशेनं खोबरेल तेलाचा मंद वास येत होता, नुकती वेणी घातल्यावर येतो तसा. कांता केसांना तेल लावत नसे.

रत्नदीपला तिनं आतल्या खोलीत गाठलं. "ती फुली काढून टाक."

"ताई, नाटकच पडेल."

"हे माझं नाटक आहे रे. माझं एकटीचं."

"तुमचंच आहे ना," तो म्हणाला. पण बोलताना तिच्या हनुवटीच्या उंचीवर, तिच्या शेजारी बघत होता. सवय, दुसरं काय. कांताला मात्र ते चावलं. त्याच वेळी तिनं ठरवलं. ठाण्याला एकल नाटकांचा महोत्सव होता, परीक्षक येणार होते, बक्षीस होतं ते वेगळंच. तिथं सगळ्यांदेखत त्या फुलीवर जाऊन उभं राहायचं. संपवायचं तिला. वळसा बंद.

ठाण्याचा हॉल छोटा पण नेटका होता. दुपारचा प्रयोग. नटराजाला हार घातला, नारळ फुटला, तिसरी घंटा झाली. कांता त्या दिवशी अशी काही बोलली, की विंगेत रत्नदीप हात जोडून उभा राहिला. आईच्या शेवटच्या क्षणाचं वाक्य जवळ आलं. "आईनं डोळे उघडले मालन, आणि माझ्याकडे बघून तुझं नाव घेतलं." इथं तिनं दूर होऊन खिडकीकडे जायचं, असं ठरलेलं होतं.

ती खिडकीकडे गेली नाही. सरळ चालत गेली आणि फुलीवर दोन्ही पाय रोवून उभी राहिली.

पट्टी कोमट होती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची असते तशी.

ती प्रेक्षकांकडे वळली. आता बघा माझ्याकडे.

कुणी बघितलं नाही.

सगळ्यांच्या नजरा होत्या तिथंच होत्या. ती मघाशी जिथून निघाली, त्या जागेवर. पहिल्या रांगेतली एक बाई तिथं बघत पदरानं डोळे टिपत होती.

कांतानंही तिथं पाहिलं. नुसता उजेड होता.

ती तिचं पुढचं वाक्य बोलली. मोठ्यानं बोलली. एकही मान वळली नाही.

मग हॉल शांत झाला. लोक कुणाचं तरी ऐकत होते.

मग हसले.

कांतानं हात वर केला. आसावरीही कधी ओरडली नसती असं काहीतरी ती ओरडली. परीक्षकांपैकी एकानं मान डोलावली, समोरच्या उजेडाकडे बघून.

ती रडायला लागली. खरं रडू. नाक ओढून नव्हे.

आता सगळ्यांच्या माना हळूच तिच्याकडे वळल्या. क्षणभरच. तिच्या चेहऱ्याकडे नाही, हनुवटीच्या उंचीवर, थोडं इकडे, थोडं तिकडे, जागा सापडत नसल्यासारख्या. आणि पुन्हा उजेडाकडे गेल्या.

पडदा पडला. टाळ्यांनी हॉल दणाणला. रत्नदीप शाल घेऊन धावत आत आला, थेट तिच्या रोखानं. कांतानं हात पुढं केले.

फुलीपाशी येताच तो थबकला. आणि लांबून, नीट वळसा घालून पलीकडे गेला.

तर अशी गोष्ट. मान हलवू नका. हे मला कुणी ऐकीव सांगितलेलं नाही. खुद्द कांतानं सांगितलंय. परवा खडवलीच्या स्टेशनबाहेर भेटली, समोर बसून कटिंग पीत होती, चांगली हसून-खेळून. म्हणाली, अण्णा, नाटक सोडलं एकदाचं, आता मजेत आहे...

"थाप!" सोनल म्हणाली. "अण्णा, आता पकडलं तुम्हाला. खाडीतली मगर परवडली. ते नाटक मी पाहिलंय, गेल्या रविवारीच. एकट्या मालनताई असतात त्यात, दुसरं कुणी नसतंच. कांता म्हणजे त्यांची थोरली बहीण, ती नुसती कल्पनेतली. फुलीवर असते, दिसत नाही. ती तुमच्याबरोबर चहा कुठून पिणार?"

ती चप्पल घालायला वाकली, आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली,

"रडते मात्र काय सुरेख हो."