पहिल्या हाकेला

शेकोटीचा जाळ जरा वाढव, मुजम्मिल. आन् साजिद, तो मोबाईल खिशात घाल. तुमचा चाँदपाशा चाचा उगं हवेतल्या गप्पा मारत न्हाय. ज्याची गोष्ट हाय तो बब्रुवान अजून जित्ता हाय. अणदूरच्या रस्त्याला त्याचं रान माझ्या रानाला लागूनच हाय. उद्या जाऊन इचारा.

मागल्या येळवसची अमावस्या. सगळं गाव दिवसभर रानात. बब्रुवानच्या घरच्यांनीबी कडब्याची कोप केली, भज्जी-आंबील झाली, दिवस बुडताना गवताचा पेटता हेंडगा रानाभोवती फिरवला आन् माणसं घरी आली. निजायच्या वक्ताला त्याच्या आईच्या, उमाबाईच्या ध्यानात आलं. शिवानंदाच्या गोळ्या कोपीतच राहिल्या.

शिवानंद बब्रुवानचा धाकटा भाऊ. पुण्याला शिकायला होता. तिथं दोस्तांनी नखाएवढा नशेचा कागूद जिभेवर ठेवायला दिला. मजा म्हणून! तवापासनं पोराच्या कानात माणसं बोलायला लागली. कधी आईचा आवाज, कधी भावाचा. सोलापूरच्या डाक्टरीणबाई म्हणाल्या, "कागदानंच झालं असं छातीठोक सांगता येत न्हाय. आजार आत असंलबी, कागदानं उठवला असंल. रातची गोळी तेवढी चुकवू नका." आन् पोराला म्हणाल्या, "आवाज आला की मोबाईलवर रेकॉर्ड कर. मागनं ऐक. त्यात नसला तर तो तुझ्या डोक्यातला. भ्यायचं न्हाय."

पण बब्रुवानचा कुणावर इश्वास? पोराचे खिसे चाचपायचा. तोंड उघडायला लावून गोळी गिळली का बघायचा. एकदा तर आईच्या अंगाऱ्याची पुडीबी हुंगून बघितली! हसू नका रं. भावावर लई जीव त्याचा, म्हणून ही तऱ्हा.

तर बब्रुवाननं मोटरसायकल काढली. "आई, आतनं कडी लाव. ह्याला सोडू नको," म्हणाला आन् निघाला. रानात गाडी बांधावर लावली, चपला काढून कोपीत शिरला. पांडव म्हणून पुजलेले दगड, इझलेली पणती. लई शोधाशोध केल्यावर गोळ्यांचं पाकीट सापडलं. खिशात घातलं.

आन् ज्वारीतनं हाक आली.

"दादा..."

शिवानंदाचा आवाज.

आता आपल्याकडं कसं हाय? रातच्याला रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाय. माणूस असंल तर तिसऱ्यांदा हाक मारतंय. दुसरं काही असंल तर दोनदाच. बब्रुवान गप.

"दादा... कुठं हायस?"

शिवानंद तर घरात. कडी लावलेली. मग हे कोण? त्यानं बॅटरी इझवली. श्वास धरला. तिसरी हाक...

न्हाय आली.

बब्रुवानची खात्री पटली, हे आपलं पोरगं न्हवं. ज्वारी सळसळली. इहिरीच्या अंगाला. मग तेबी थांबलं.

खिशातला फोन वाजला. आई. रडत होती.

"बबू, शिवा घरात न्हाय रं... मागल्या दारानं... तुझ्याच मागं आला असंल, मधल्या वाटेनं..."

पळाला गडी! अनवाणी, काट्याकुट्यातनं. "शिवा! शिवा!" पोरगं इहिरीच्या काठावर बसलेलं. पाय आत सोडून. पुढं वाकलेलं. बब्रुवाननं बखोटं धरून मागं वढलं. दोघंबी मातीत पडले, आन् बब्रुवान लहान पोरावानी रडला.

"तिसऱ्यांदा हाक का मारली न्हायस रं?"

शिवानंदानं खाली इहिरीत बोट दावलं.

"तू ओ दिलीस की. इहिरीतनं. म्हणून तर आलो."

...

आता बरा हाय शिवानंद. तुळजापुरात दुकानावर बसतो, गोळी चुकवत न्हाय. डाक्टरीणबाईच्या औषधानं माणूस उभा राहिला, त्यात वाद न्हाय. आन् बब्रुवान आता पहिल्या हाकेलाच ओ देतो. म्हस वरडली तरी देतो.

पण त्या रातीबी पोरानं डाक्टरीणबाईचं ऐकलं होतं. मोबाईलवर रेकॉर्ड लावलं होतं. बब्रुवाननं ते मला ऐकवलं. पहिली हाक. ज्वारीची सळसळ. दुसरी हाक. मग... काही न्हाय. लई वेळ काही न्हाय.

आन् मग बब्रुवानचा आवाज. खोलातनं. घुमत आलेला.

"ओ... ये."