बेल नका दाबू!

“तुमच्या घरातून वास येऊन राह्यला.”

पहिल्यांदा भेटलेल्या पोरीशी कोणी असं बोलतं का? पण राजदीप दुर्गे माझ्याशी पहिलं वाक्य हेच बोलला, तेही माझ्याच दारात उभा राहून.

चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून मी नुकतीच परतले होते, गाडी लावत होते. तो शेजारच्या शकुबाईंच्या घरची गॅसची तपासणी करून बाहेर पडला होता. एजन्सीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात अवजारांची पिशवी... आणि नाक असं वर केलेलं, जसं काही आमच्या घरात उंदीर मेलाय!

“मिलचा वास आहे तो, भाऊ,” मी म्हटलं. “बल्लारपुरात नवीन दिसता.”

खोटं नव्हतं ते. आमच्या गावात पेपर मिलचा वास पाहुण्यांना येतो, आम्हाला येत नाही. थंडीत हवा पडली की पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि आम्ही त्यांना हसतो. गेले काही दिवस आमच्या स्वयंपाकघरात तो जरा जास्तच जाणवत होता. आई म्हणाली, मिलचाच असेल. मीही म्हटलं, मिलचाच. विषय संपला.

“नवीनच आहो मी. हेमलकसाच्या तिकडचा,” तो म्हणाला. “पण मिलचा वास रस्त्यावर येते, मॅडम. हा तुमच्या दाराखालून येऊन राह्यला.”

अस्सा राग आला मला! पोरींशी बोलायला पोरं काय काय काढतात ते मला चांगलं माहीत आहे. डोळे धडधाकट असताना नंबर तपासायला येणारे दुकानात कमी का असतात? मी त्याच्याकडे पाठ केली आणि बेलकडे हात नेला.

“बेल नका दाबू!”

आणि माझं मनगट त्याच्या हातात.

मी ओरडणारच होते — पण त्याचा चेहरा पाहिला. थट्टा नव्हती त्यात. घाबरला होता हो तो.

“घरात कोण आहे?”

“आई. सर्दी झाली म्हणून झोपली आहे.”

“खिडक्या?”

“बंद... थंडी आहे ना.”

“बेलची एक ठिणगी पुरते. गॅस जड राहते, खाली जमिनीवर साचते. सिलिंडर कुठी?”

“मागं अंगणात. भिंतीतून पाईप आत नेला आहे.”

“मी मागून बंद करतो. तुम्ही आईले उठवा. पण लाईट, पंखा, काडीपेटी... कायलेच हात लावू देऊ नका!”

तो धावला. काडीपेटीचं नाव ऐकताच मी दाराकडे वळले. कारण दिवेलागणीला उठलं की आईचं पहिलं काम ठरलेलं — बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मोमबत्ती. आधी मोमबत्ती, मग चहा. आणि दिवेलागण तर झालीच होती.

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. “आई! ए आई!”

आतून खोकला ऐकू आला. “आली वं, आली! काऊन बोंबलून राह्यली? थांब, अंधार आहे, लाईट लावतो...”

“लाईट नको लावू! मोमबत्तीबी नको! तुले बाबाची शपथ आहे, आई... अंधारातच ये!”

आत पावलं चाचपडत निघाली. मग काहीतरी धाडकन पडलं. मी डोळे गच्च मिटले...

कडी वाजली. दारात आई उभी. अंगावर शाल, केस विस्कटलेले, कपाळावर आठ्या आणि हातात काडीपेटी. न पेटवलेली! मी ती हिसकावून रस्त्यावर फेकली, आईला ओढत बाहेर आणलं आणि तिच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं.

“काय झालं वं?” आई घाबरून म्हणाली. “नोकरी गेली का?”

राजदीप मागून आला. रेग्युलेटर बंद केला होता त्यानं. मग आत जाऊन त्यानं सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. भिंतीवर आपटत उघडणाऱ्या त्या खिडक्यांचा आवाज... इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आई जिवंत होती. माझ्या शेजारी उभी राहून नाक शिंकरत होती.

चहा शकुबाईंच्या ओसरीवर झाला. आई त्याच्याकडे बघायची आणि डोळ्यांना पदर लावायची. तो बिचारा कपात तोंड लपवून बसला होता.

“थँक्यू, भाऊ,” मी म्हटलं.

“एवढं झाल्यावरबी भाऊच?” तो कपातच पुटपुटला.

“मग काय म्हणू?”

“नाव आहे न मले... राजदीप.”

आईनं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि चहाचा मोठ्ठा भुरका मारला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ओट्यामागची भिंत फोडली. ती लाईन बाबा असताना त्यांच्या दोस्तानं टाकून दिली होती. दोस्त नळ बसवणारा. त्यानं सांध्याला धागा गुंडाळून वर सफेद्याचा पांढरा लेप लावला होता, पाण्याच्या पाईपला लावतात तसा.

“पाण्याले चालते हे, गॅसले नाई,” राजदीप म्हणाला. “ही सारी काढा लागते.”

आईनं त्या पाईपवर हात ठेवला. “यायनं उभं राहून करून घेतलं होतं रे, बापू.”

तो थांबला. मग हळूच म्हणाला, “काकू, आज ते असते तर त्यायनंच काढला असता.”

आईनं हात बाजूला घेतला. आणि खरं सांगू? तो मला तिथंच आवडला.

नवा पाईप चंद्रपूरहून यायचा होता. तोवर आई अंगणात कोळशाच्या शेगडीवर रांधायची. धुरानं डोळे लाल व्हायचे, पण गॅसचं नाव काढलं की तिच्या अंगावर काटा यायचा. “लाईन नवी झाली तरी मी नाई पेटवत,” म्हणायची. आणि राजदीप मात्र सारखा यायचा.

“आज काय राह्यलं?” मी विचारायची.

“माप.”

“काल नेलं ना?”

“काल पाईपचं नेलं. आज भिंतीचं.”

“अन् उद्या?”

“उद्या... पाहू न. तुम्ही घरी कधी राहता?”

“भिंत तर दिवसभर घरीच राहते!”

त्याचे कान लालबुंद झाले. मी आत जाऊन तोंडावर ओढणी दाबून हसले.

शेवटी लाईन बसली. साबणाचं पाणी ब्रशनं एकेका सांध्यावर लावत तो सरकत होता. बुडबुडा आला म्हणजे गळती. आई दारातच उभी, आत यायला तयार नाही. मी त्याच्या शेजारी उकिडवी बसून बघत होते. आणि काय सांगू, माझ्या मनात नको ते आलं... एखादा बुडबुडा येऊ दे. छोटासा. म्हणजे हा उद्याही येईल.

एकही आला नाही.

“पक्की आहे,” तो उठत म्हणाला. “या काकू, पेटवा.”

“मी नाई.”

“मी उभा आहो न बाजूले.”

आई आली. तिनं बटण फिरवून लायटर दाबला. खट्... आणि निळी ज्योत गोल उमलली. आई बघतच राहिली. मग तिनं एवढा मोठा श्वास सोडला, जसा तिनं इतके दिवस अडवूनच धरला होता. “रश्मी, तांदूळ काढ वं,” ती म्हणाली. “आज आतच भात टाकतो.” रडत होती आणि हसत होती. मीही तशीच.

तो अवजारं पिशवीत भरत होता. फार हळू भरत होता. फाटकापर्यंत मी सोबत गेले.

“आता मले यायची काही गरज नाई,” तो म्हणाला.

“हं.”

“वर्षानुवर्षं काही होत नाई आता या लाईनले.”

“एखादा सांधा जरासा ढिला ठेवता आला नसता का?”

तो हसला नाही. माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, “नाई जमलं. तुम्ही झोपता न या घरात.”

मी फाटक उघडलं, पण वाटेतून हलले नाही.  

“राजदीप,” मी म्हटलं, “गरज नसताना या.”

“गरज नसताना?”

“हो. गरजेले तर एजन्सी कोणालेबी धाडते.”

तेवढ्यात आतून आईची हाक आली, “अवं, त्याले म्हण, जेवूनच जाय!”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फाटक लावून घेतलं — आतून. आणि त्यानं पिशवी खाली ठेवली.