मी येईपर्यंत उठायचं नाही

रात्रीच्या गोष्टी सगळेच सांगतात. ही भर दुपारची आहे, आणि खरी आहे. माझ्या मावसभावाच्या, सतीशच्या बाबतीत घडलेली. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. गेल्या वर्षीचा मे महिना.

सतीश तिथल्या एका टॉवेलच्या कारखान्यात नवा मॅनेजर म्हणून लागला होता. मागांचा खडखडाट एवढा, की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. म्हणून जुने मॅनेजर गुरुसिद्धप्पा पाळी संपली की प्रत्येकापाशी जायचे आणि खांद्यावर हात ठेवायचे. झालं, आता घरी जा. तो हात पडल्याशिवाय कुणी उठत नसे. त्या हातासाठी माणसं जीव तोडून काम करायची.

सतीशला हे सगळे लाड वाटले. कामगारांना जवळ केलं की ते डोक्यावर बसतात, असं त्याचं ठाम मत. त्याने घंटा बसवली आणि स्वतः काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसला.

थोड्याच दिवसांत माल बिघडू लागला. कडा वाकड्या, धागे सुटलेले. मालकांनी तंबी दिली, शेड सुधार, नाहीतर गावी वळसंगला जाऊन शेती कर.

वड्याचं तेल वांग्यावर निघालं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हरिदासच्या मागावर खराब टॉवेल निघाला. हरिदास सगळ्यात जुना विणकर. सतीश सर्वांदेखत त्याला म्हणाला,

"मी येईपर्यंत उठायचं नाही. उठलास तर परत येऊ नकोस."

आणि तो विसरला.

घरून फोन आला, पाहुणे आले होते. गाडीला किक मारून तो गेला वळसंगला.

पहाटे हरिदासची बायको शोधत आली, तेव्हा तो सापडला. स्टुलावरच… बसलेला.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर सुरू झालं.

घंटा व्हायची, सगळे माग थांबायचे. हरिदासचा तेवढा चालूच राहायचा… खट… खट…

बटण बंद केलं तरी.

शेडमध्ये कापसाचे तंतू उडतात, सगळ्यावर त्यांचा थर बसतो. हरिदासच्या स्टुलावर मात्र… एक तंतू बसत नव्हता.

चांगले चांगले विणकर सोडून गेले. सतीशची नोकरी आता जाणारच होती. शेवटी मागाच्या कांड्यांवर सूत भरणाऱ्या येसूबाईंनी त्याला गाठलं.

"त्यो बसलाय की अजून, साहेब. तुमी त्येला जा म्हणलाच न्हाय. मग त्यो उठंल कसा?"

सतीशने घंटा वाजवून पाहिली. केबिनच्या दारातून ओरडून पाहिलं.

खट… खट…

मग एका सुट्टीच्या दुपारी तो एकटाच शेडमध्ये शिरला. पत्रे तापलेले. मेन स्विच बंद.

माग चालू होता.

सतीश स्टुलामागे उभा राहिला. त्याने हात पुढे केला. समोर कुणी नव्हतं… तरी हात मध्येच अडला.

हाताखाली खांदा होता. हाडकुळा. घामाने भिजलेला.

"चुकलं माझं, हरिदास. जा घरी."

माग थांबला.

खांदा हाताखालून उठला. सतीशला रडूच फुटलं. सुटलो, असं वाटून तो वळला…

तेवढ्यात त्याच्याच खांद्यावर हात पडला.

जड. खाली दाबत नेणारा. सतीश स्टुलावर बसला. कानाशी कुणीतरी अगदी शांतपणे बोललं.

"मी येईपर्यंत उठायचं नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी पाळीला आलेल्या येसूबाईंनी त्याला खांदा धरून उठवलं.

तो माग आता नीट चालतो म्हणतात. शेडमध्ये खांद्यावर हात ठेवणंही पुन्हा सुरू झालंय. सतीश नोकरी सोडून वळसंगला राहतो.

मध्यंतरी मी त्याला भेटायला गेलो. जेवणं झाली, सगळे उठले. तो बसूनच. हात वाळला तरी. वहिनींनी येऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा उठला.

निघताना मी त्यांना विचारलं, रोज असंच का? त्या खालच्या आवाजात म्हणाल्या,

"कदी कदी मी घरामागं परड्यात असते, अन् हे आपले आपण उठून येतात. कुणी उठवलं इचारलं की हात धुवायला जातात. सदऱ्याच्या खांद्यावर तेवडा कापूस असतो. आमच्या घरात कुटला आलाय कापूस?"

माझ्या हाताखालीही चार माणसं आहेत. हल्ली संध्याकाळी मी प्रत्येकाजवळ जाऊन, जा म्हणून सांगतो आणि मगच ऑफिसातून निघतो.