तंबूतलं जेवण

शाळेच्या दारात दोघांची अशी टक्कर झाली, की संयोगिताच्या हातातली कापसाची दाढी विश्वजितच्या शर्टालाच चिकटली.

"बाई, ही ठेवा तुमच्याकडं," तो म्हणाला. "आमची तेजस्वी नाटकात राजा होणार न्हाय."

"का हो?"

"पुतणी हाय माझी. खालच्या तालमीच्या पोरापुढं गुडघं टेकणार न्हाय ती."

संयोगितानं दाढी सोडवून घेतली. गेल्या वर्षी फुटबॉलच्या सामन्यानंतर वरच्या आणि खालच्या तालमीच्या संघांत मारामारी झाली. खालच्या तालमीच्या अंबादासनं तेजस्वीच्या वडिलांचा गुडघा मोडला. तेव्हापासून वर्गातली मुलंही एका बाकावर बसेनात. शांततेवर फळा भरून लिहिलं, उपयोग झाला नाही. म्हणून तर तिनं ग्रीकांची ही जुनी गोष्ट नाटकाला घेतली होती.

"गोष्ट ऐकून तरी जा... म्हाताऱ्या राजाचा मुलगा लढाईत मेला. प्रेत शत्रूकडं. राजा एकटाच त्याच्या तंबूत गेला आणि ज्या हातानं मुलगा मारला, त्याच हाताला त्यानं ओठ लावले."

"आन् त्यानं राजाला सोडलं?"

"दोघं रडले. त्यानं प्रेत परत दिलं. मग म्हणाला—आधी जेवा."

"जेवा?" विश्वजित पहिल्यांदाच हसला. "मग ते ग्रीक न्हवंत बाई, कोल्हापूरचंच की!" मग हळूच म्हणाला, "लढाई थांबली?"

"मुलाला नीट निरोप देण्यापुरती. आपल्याकडं तेवढीही कुठं थांबलीय?"

तो शर्टावरचा कापूस वेचत उभा राहिला. जाताना दाढी घेऊन गेला.

नाटकाच्या दिवशी तेजस्वीनं गुडघे टेकले, तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मागच्या बाकावर तिचे वडील काठी घेऊन बसले होते. शेजारी—अंबादास!

"हे कसं झालं?" संयोगितानं नंतर विश्वजितला विचारलं.

"दादाला घिऊन गेलतो अंबादासच्या दारात. त्याच्या आईनं ताटं वाढली, पांढरा रस्सा वाढला. आम्ही जेवलो. अंबादास ताटावरच रडत बसला."

तिचे डोळे भरून आले.

"बाई... आनखी एका दारात जायचं हाय."

"कुणाच्या?"

"तुमच्या आण्णांच्या. तुम्हाला मागणी घालाया."

"आण्णा खालच्या तालमीचे आहेत..."

"ठावं हाय की. वाढतील का ताट?"

पुतणीला मिठी मारताना त्याच्या कॉलरला दाढीचा कापूस लागला होता. संयोगितानं तो अलगद काढला, मुठीत धरला.

"उपाशी या," ती म्हणाली.